एका काल्पनिक बँडची कादंबरी : हस्तलिखितापासून रॉयल्टीपर्यंत

कादंबरी कशी सुचली यावर मराठीत लेखकांनी भरभरून लिहिलंय. ती लिहून झाल्यावर कुठले फॉर्म भरावे लागतात, कुणाकुणाच्या ई-मेलची वाट बघावी लागते आणि खिशातून किती जातात, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. त्यातून कादंबरीत गाणी असतील तर विचारूच नका. माझ्या कादंबरीत तर अख्खा रॉक बँड होता. जून २०१९मध्ये लिहायला घेतली, सप्टेंबर २०२४मध्ये छापून आली आणि एप्रिल २०२५मध्ये रॉयल्टीचा पहिला हिशेबही आला. म्हणजे एक फेरी पूर्ण झाली. विसरायच्या आत लिहून टाकते.

कादंबरीतल्या बँडचं नाव ‘लास्ट कर्जत’. डोंबिवलीतली पाच पोरं, काळ १९८७ ते १९९९. धोबी तलावच्या रंगभवनात कार्यक्रम ऐकायचा, संपला की व्हीटीपर्यंत पळत सुटायचं आणि शेवटची कर्जत पकडायची, म्हणून हे नाव. बँड खोटा, पण भोवतालचं जग खरं. १९८६ला रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं मुंबईच्या रॉकवाल्यांची ती जत्राच होती. १९८४ला निघालेला रॉक मशीन तेव्हा जोरात होता. हाच बँड १९९३मध्ये इंडस क्रीड झाला. त्यात गिटारवर महेश तिनईकर. हे आडनाव वाचूनच आमच्या गल्लीतल्या दोघातिघांनी गिटारचा क्लास लावला होता. कोलकात्याची गिवसन गिटार, अहुजाचा अँप्लिफायर, आणि शेजारच्या काकूंची तक्रार. बहुतेकांची गाडी तिथेच थांबली.

मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे लिखाण सकाळी साडेपाच ते सात आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. पहिला मसुदा फेब्रुवारी २०२१मध्ये संपला. लॉकडाउनने हात दिला, खोटं कशाला बोला. पण त्या मसुद्यात एक मोठी गोम होती : बँड वर कसा गेला हे छान आलं होतं, तो फुटला का हे नुसतंच सांगितल्यासारखं होतं. दोन मुलं, एक मुलगी, असा जुनाच मसाला. म्हणून मी त्या काळात वाजवणाऱ्या लोकांना शोधायला लागले. आता कुणी विम्याचं काम करतंय, कुणाचं टाइल्सचं दुकान आहे, एक जण कॅनडात. सगळे गाण्यांबद्दल तासन् तास बोलायचे. बँड का फुटला विचारलं की उत्तर एकच : “मतभेद झाले.”

मग ठाण्यात एक जुने ड्रमर भेटले. ते गणपतीत ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचे आणि त्या पैशांतून ड्रम किटचे हप्ते फेडायचे. चहा झाल्यावर त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून लाल कापडी बांधणीची एक लांबट वही काढली. “ताई, तुम्ही बँकेतल्या, म्हणून दाखवतो. नाहीतर लोक हसतात,” म्हणाले. एकेका कार्यक्रमाला एकेक पान. वर तारीख आणि कॉलेजचं नाव. खाली : टेम्पो ३५०, अँप भाडं २००, वडापाव-चहा ४२, स्टिक्स ६०. मग रेघ, शिल्लक, आणि शिल्लक भागिले ५. पानं उलटत गेले तशी शिल्लक वाढत होती. वडापाव जाऊन ‘जेवण’ आलं, टेम्पो जाऊन ‘मेटॅडोर’. मग १९९४च्या एका पानावर ‘भागिले ५’मधला ५ खोडून ४ केलेला, आणि पाचव्याच्या नावापुढे बॉलपेनने दोनच शब्द : ‘नंतर बघू’.

“गाणं माझं आहे, मला जास्त पाहिजेत, असं तो पाचवा म्हणायचा,” ड्रमर दादा म्हणाले. “आम्ही म्हणायचो, शब्द तुझे असतील, पण चाल आपण पाच जणांनी बसून केली. दोन्ही खरंच होतं हो.”

घरी येऊन मी प्रेमाचा त्रिकोण काढून टाकला आणि कादंबरीचा उत्तरार्ध नव्याने लिहायला घेतला. कुणाच्या आठवणी वापरणार असाल तर एक करा : एका साध्या कागदावर ‘मी सांगितलेले प्रसंग नावं बदलून कादंबरीत वापरायला माझी हरकत नाही’ एवढं लिहून सही-तारीख घ्या. मी सगळ्यांकडून घेतलं. कुणीही नाही म्हटलं नाही, उलट दोघांनी ‘नाव बदलू नका’ असा आग्रह धरला. तरी बदललं. पुढे प्रकाशकाने पहिल्याच भेटीत हे कागद मागितले.

उत्तरार्धासाठी कॉपीराइटचा कायदा वाचावा लागला. १९५७चा आहे, वाटतो तेवढा अवघड नाही. त्यात गाणं ही एकच वस्तू नाही. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि रेकॉर्डिंग हे तिसरंच. तिघांचे मालक वेगवेगळे असू शकतात. दोघांनी मिळून असं काही केलं की कुणाचा भाग कुठला ते वेगळं काढता येत नाही, तर ती संयुक्त कृती. माझ्या बँडचं भांडण मला इथे आयतं सापडलं. कादंबरीत १९९३ला एक कॅसेट कंपनी त्यांना एकरकमी पैसे देते आणि छापील करारावर सही करायला पाचातला एकच जण जातो, कारण बाकीच्यांची परीक्षा असते. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क काढून घेता येऊ नये म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१२ला. माझी गोष्ट १९९९ला संपते, हे बरंच झालं. नाहीतर शेवटचं प्रकरण वकिलाकडूनच लिहून घ्यावं लागलं असतं.

दुसरा मसुदा एका गिटार शिकवणाऱ्या मित्राला वाचायला दिला. त्याने मार्जिनमध्ये पेन्सिलने एकच वाक्य ठिकठिकाणी लिहिलं : ‘हात कुठे आहे?’ मी सोलोबद्दल, म्हणजे गिटारवाल्याने एकट्याने वाजवायच्या तुकड्याबद्दल, आर्त, धारदार, काळीज चिरणारा असलं काहीबाही लिहिलं होतं. त्याचं म्हणणं, वाचणाऱ्याला गिटार येत नसली तरी चालेल, पण वाजवणाऱ्याचा हात कुठल्या पट्टीवर आहे, तार किती खेचली, घामाने बोट घसरलं का, ते लिही. विशेषणं गेली आणि प्रकरणं दोन-दोन पानांनी आखूड झाली. संगीतावर लिहिणाऱ्याने निदान एक वाजवणारा वाचक जरूर शोधावा. साहित्यातले चार वाचक मिळून जे सांगत नाहीत ते तो सांगतो.

बँडच्या नावाचंही तपासून घ्यावं. मी आधी दुसरंच नाव ठेवलं होतं, ते दुसऱ्या एका शहरातल्या खऱ्या बँडचं निघालं. गाण्यांच्या ॲप्सवर शोध घ्या, आणि सरकारच्या ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोधाची सोय आहे, तिथे वर्ग ४१ टाकून बघा. मनोरंजनाच्या सेवा त्या वर्गात येतात. पैसे पडत नाहीत, फक्त पान उघडेपर्यंत धीर लागतो.

सप्टेंबर २०२२मध्ये हस्तलिखिताची कॉपीराइट नोंदणी करायला घेतली. ही सक्तीची नाही. तुम्ही लिहिलंत त्या क्षणी हक्क तुमचाच असतो. पण मला अनोळखी लोकांना पूर्ण कादंबरी पाठवायची होती आणि हातात तारखेचा कागद असावा असं वाटलं. कॉपीराइट ऑफिस दिल्लीत द्वारकेला आहे, पण जायची गरज नाही. संकेतस्थळावर खातं उघडायचं, नमुना १४ भरायचा, सोबतची दोन तपशीलपत्रकं भरायची, सही स्कॅन करून जोडायची, हस्तलिखिताची पीडीएफ चढवायची. साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढे सगळं त्यावरच चालतं. त्यानंतर ३० दिवस कुणी हरकत घेतंय का म्हणून थांबतात, मग तपासनीसाकडे जातं. माझी भाषा ‘मराठी’ आणि कृतीचं नाव देवनागरीत होतं, ते रोमन लिपीत पुन्हा मागितलं. तेवढीच अडचण. प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये आलं. आणि हो, अप्रकाशित असतानाच नोंदणी करून घेतलेली सोपी. छापून झाल्यावर केलीत तर प्रकाशकाचं ना-हरकत पत्र लागतं.

प्रकाशक शोधणं हा या सगळ्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, म्हणून त्यावर थोडक्यात. एकाने ‘रॉक कोण वाचणार?’ असं फोनवरच विचारलं. हा निदान स्पष्ट माणूस. एकाने आठ महिने ‘वाचतोय’ म्हणून सांगितलं. एकाने लगेच होकार दिला, फक्त तीनशे प्रती मी विकत घ्यायच्या होत्या. हे मराठीत सर्रास चालतं, ज्यांना परवडतं आणि पटतं त्यांनी करावं. मला पटलं नाही. पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना जरूर बघा. मंडळाचं कार्यालय प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत आहे. माझा एक कथासंग्रह आधी निघालेला असल्यामुळे तो रस्ता मला बंद होता. शेवटी जून २०२३मध्ये एका लहान प्रकाशन संस्थेचा फोन आला. संपादकबाई म्हणाल्या, “कादंबरी आवडली. पण गाण्यांचं काय करायचं ते बोलावं लागेल.” तेव्हा मला वाटलं, त्यांना काही गाणी कमी हवी असतील.

करार ऑगस्टमध्ये झाला. इथे जरा थांबते, कारण करार न वाचता सही करणारे लेखक मी फार बघितलेत, आणि बँकेत बसून मला ते बघवत नाही. कायद्याचं कलम १९ डोळ्यांखालून घाला, दीड पानाचं आहे. हक्क देताना ते लेखी असावं लागतं, आणि कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशापुरते, किती रॉयल्टी, हे त्यात यायला हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. प्रकाशकाने एक वर्षात हक्क वापरलाच नाही तर तो परत लेखकाकडे येतो, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. माझ्याकडे आलेल्या मसुद्यात ‘सर्व प्रकारचे हक्क’ असे तीन शब्द होते. मी विचारलं, सर्व म्हणजे कुठले? थोडी शांतता झाली, मग हसून त्यांनी मलाच यादी करायला सांगितली. छापील आणि ई-बुक त्यांच्याकडे, सात वर्षांसाठी. भाषांतर, श्राव्य पुस्तक, नाट्य-चित्रपट रूपांतर आणि कादंबरीतल्या गीतांना चाल लावण्याचा हक्क माझ्याकडे. हा शेवटचा मुद्दा मी गमतीत घातला होता. रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के. हे सगळं चहा-बिस्किटांवर, आवाज न चढवता झालं. मागितलं तर प्रकाशक रागावतो अशी एक भीती असते. निदान माझा तरी रागावला नाही.

करारात एक कलम असं होतं की दुसऱ्या कुणाचा मजकूर वापरला असेल तर त्याची परवानगी लेखकाने आणायची, खर्च लेखकाचा, आणि दावा लागला तर जबाबदारी लेखकाची. ‘गाण्यांचं बोलावं लागेल’ ते हे.

हस्तलिखितात मी बेधडक गाणी घातली होती. पोरं सुरुवातीला परक्या बँडांची गाणी वाजवतात, तेव्हा त्या इंग्रजी गाण्यांच्या ओळी. एका सहलीच्या प्रसंगात हिंदी सिनेमाचं गाणं. एका प्रकरणाच्या माथ्यावर मराठी कवितेच्या चार ओळी. समीक्षेत उद्धृत करायला कायद्यात मोकळीक आहे. कादंबरीत पात्राच्या तोंडी ओळी घालणं त्यात बसतं असं कुठलाही वकील छातीवर हात ठेवून सांगणार नाही. गाण्याचं नुसतं नाव घ्यायला मात्र हरकत नसते. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे २०१५ला सुप्रीम कोर्टाने एका हिंदी चित्रपटाच्या नावाच्या वादात पुन्हा सांगितलंय.

तरी म्हटलं विचारून बघू. इंग्रजी गाण्यांसाठी गायकाला किंवा कॅसेट कंपनीला नाही, तर शब्दांचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्या संगीत-प्रकाशकाला विचारावं लागतं, आणि तो अमेरिकेत किंवा इंग्लंडात बसलेला असतो. अर्जात विचारतात : किती ओळी, कुठल्या ओळी, त्या ज्या पानावर आहेत ते अख्खं पान, पुस्तकाची भाषा, किती प्रती, किंमत किती, कुठे विकणार. हे सगळं इंग्रजीत करून सप्टेंबर २०२३मध्ये पाठवलं. पहिल्याकडून आपोआप आलेली पोच. दुसऱ्याकडून काहीच नाही. जानेवारीत पहिल्याचं उत्तर आलं : दोन ओळींना दीडशे डॉलर, पाचशे प्रतींपुरते, नवी आवृत्ती काढलीत तर पुन्हा अर्ज, आणि ओळी मूळ इंग्रजीतच छापायच्या. मी हिशेब केला. त्या दोन ओळींचे पैसे शंभर जणांना पुस्तक पाठवायच्या कुरियरच्या खर्चापेक्षा जास्त होते. हिंदी गाण्याच्या कंपनीने पत्राला उत्तरच दिलं नाही. आणि उत्तर नाही म्हणजे होकार नाही, हे संपादकबाईंनी मला बजावून सांगितलं.

त्या आठवड्यात खरंच हताश झाले. बँडची कादंबरी आणि एकही गाणं नाही! नवरा म्हणाला, “खाणावळीची कादंबरी लिहायला हवी होतीस, वरणावर कॉपीराइट नसतो.”

मार्ग दोन बाजूंनी निघाला. एक म्हणजे जुने कवी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, मग कृती सगळ्यांची होते. केशवसुत १९०५ला गेले, म्हणजे ते केव्हाच मोकळे. मर्ढेकर १९५६ला गेले, म्हणजे २०१६ संपेपर्यंत हक्क होते आणि १ जानेवारी २०१७पासून नाहीत. कुसुमाग्रज १९९९ला गेले, त्यांना हात लावायला २०६०चं साल उजाडायला हवं. तुकोबांबद्दल तर प्रश्नच नाही. म्हणून माझ्या कादंबरीत डोंबिवलीची पोरं एका गॅदरिंगला केशवसुतांची ‘तुतारी’ आवाज मुद्दाम फाटका केलेल्या गिटारवर वाजवतात आणि मराठीच्या बाई रागावण्याऐवजी पुढे येऊन बसतात. हा प्रसंग परवानगी न मिळाल्यामुळे जन्मला, आणि ज्यांनी वाचलंय त्यांना नेमका तोच लक्षात राहिलाय. परिशिष्टात वगैरे चाल लिहून देणार असाल तर मात्र जपा : अभंगाचे शब्द मोकळे असले तरी विसाव्या शतकात कुणी लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. पुस्तकात शब्दच छापायचे असतात म्हणून आपलं निभतं.

दुसरं म्हणजे बँडची गाणी मीच लिहायची. आधी हस्तलिखितात मी त्यांच्या गाण्यांचं नुसतं वर्णन केलं होतं, ‘आणि मग त्यांनी ते गाणं म्हटलं’ असं. संपादकबाई म्हणाल्या, “वाचकाला ऐकू येऊ दे की.” फेब्रुवारीभर मी गाणीच लिहीत होते. पहिली तीन फारच चांगली झाली, म्हणून टाकून दिली. वीस वर्षांचा कॉमर्सचा मुलगा असं लिहिणार नाही, ते काव्यवाचनाला शोभेल असं होतं. मग लोकलमध्ये बसून लिहायला लागले, दारातल्या गर्दीत, मोबाइलवर. बँडचं पहिलं मराठी गाणं असं सुरू होतं :

कळवा गेलं, मुंब्रा येईना,
पंखा फिरतो, वारा देईना

साहित्य म्हणून यात काही नाही. पण गिटारमित्राने लगेच टेबलावर ठेका धरला, तेव्हा कळलं की हे चालेल. कादंबरीत हे दोन ओळींचं धृपद क्लाइव्ह नावाचा गायक गाडीत सुचवतो, पुढचं कडवं अभय लिहितो, ठेका बंडूचा. आणि पाच वर्षांनी कॅसेटच्या आतल्या कागदावर ‘शब्द व संगीत : अभय’ छापून येतं. बँड फुटतो तो या एका ओळीवर.

मार्च २०२४मध्ये प्रकाशकाच्या वकिलांनी एकदा वाचलं. त्यांचं सांगणं सोपं होतं : खरे बँड, खऱ्या जागा, खरे महोत्सव यांची नावं पार्श्वभूमीला चालतील, पण खऱ्या माणसाकडून काल्पनिक गोष्ट करवून घेऊ नका. एका प्रसंगात एक खरा गायक माझ्या बँडला शिव्या घालत होता. त्याला काढून बिननावाचा साउंडवाला घातला. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ छापायचीच, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही, असं ते म्हणाले.

मग मुद्रितशोधन. ज्यांनी युनिकोडमध्ये लिहिलंय आणि ज्यांचा अक्षरजुळणीवाला श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत काम करतो, त्यांनी मन घट्ट करावं. रूपांतर करताना काही अक्षरं हमखास सांडतात. माझ्या कादंबरीत बँड, बॅस, अँप, कॅसेट, रॉक, कॉर्ड असे चंद्रवाले शब्द पानापानावर. पहिल्या प्रुफात बँडचा ‘बंड’ झाला होता, कॉर्डचं ‘कार्ड’, आणि ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला अर्धा र सगळीकडून गायब. बँडचं बंड अर्थाने शोभत होतं, ही गोष्ट वेगळी. उपाय हा की अशा शब्दांची यादी आधीच करून अक्षरजुळणीवाल्याला द्यायची आणि त्याच्यासमोर बसून एकेक शोधून बदलून घ्यायचा. मुद्रितशोधकाचे पैसे प्रकाशकाने दिले, पण मी स्वतःच्या समाधानासाठी आणखी एका अनुभवी बाईंकडून वाचून घेतलं, पानाला २० रुपये. प्रत्येक पैसा वसूल झाला.

पानांचंही एक गणित असतं. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला जुडगा. माझी पानं २७५ झाली होती, म्हणजे सतरा फॉर्म आणि वर तीन पानं. त्या तीन पानांसाठी अठरावा फॉर्म घालून पुस्तक महाग करायचं की तीन पानं कापायची? मी मागचा शब्दार्थांचा भाग काढला आणि २७२वर आणलं. फझ पेडल म्हणजे काय ते वाचकाला कळेल आपोआप. आणि नाहीच कळलं तर काय बिघडलं?

मुखपृष्ठासाठी इंटरनेटवरची गिटारची छायाचित्रं कुणी सुचवली तर नम्रपणे नको म्हणा. आमच्यासाठी एका तरुण चित्रकाराने रेल्वेच्या इंडिकेटरचं चित्र केलं, ९,००० रुपये, प्रकाशकाने दिले, आणि त्याच्याशीही एका पानाचा लेखी करार झाला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, प्रकाशकाने काढला. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. छापून झाल्यावर १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन ग्रंथालयांना, त्यातलं एक मुंबईत, ३० दिवसांत स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. पाठवली का ते विचारा. बरेच विसरतात.

पुस्तक आलं. पहिली आवृत्ती ५०० प्रती, किंमत ३८० रुपये. प्रकाशन समारंभ केला नाही. ठाण्याच्या दादांच्या घरी पहिली प्रत नेऊन दिली, त्यांनी वहीच्या शेजारी ठेवली आणि वहिनींना भजी करायला सांगितली.

एप्रिल २०२५मध्ये हिशेब आला. विकल्या गेल्या २१२ प्रती, रॉयल्टी ८,०५६ रुपये. रक्कम लहान असल्यामुळे टीडीएस कापला गेला नाही. त्या वर्षी आयकरात लेखकाच्या रॉयल्टीवर कलम ८०क्यूक्यूबीखाली तीन लाखांपर्यंत वजावट मिळायची, पण जुन्या करप्रणालीतच, आणि त्यासाठी प्रकाशकाकडून नमुना १०सीसीडी घ्यावा लागायचा. तीन लाख हा आकडा वाचून आम्ही घरात सगळेच हसलो. माझा खर्च : नोंदणी ५००, मुद्रितशोधन साडेपाच हजारांच्या आसपास, झेरॉक्स-प्रिंट दोनेक हजार, प्रवास आणि चहा मोजले नाहीत. म्हणजे हिशेब जेमतेम बरोबरीत सुटला. मराठीत हे वाईट मानत नाहीत.

मे महिन्यात एका अनोळखी मुलाचा ई-मेल आला. अंबरनाथचा बँड, सगळे इंजिनिअरिंगला. ‘कळवा गेलं’ला त्यांनी चाल लावली आहे, वाजवू का? गमतीत घातलेलं ते कलम उपयोगी पडलं, प्रकाशकाला विचारावं लागलं नाही. मी त्यांना एक पानाचं पत्र केलं : शब्द माझे, चाल त्यांची, तीन वर्षं, बिनएकाधिकार (म्हणजे मी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते), कार्यक्रमात वाजवायला पैसे नकोत, रेकॉर्ड केलंत आणि पैसे आले तर शब्दांचा अर्धा वाटा. चालीच्या अर्ध्या वाट्यात कुणाचं किती ते तुमचं तुम्ही ठरवून नावांसकट लिहा आणि सगळ्यांच्या सह्या करून पाठवा, असंही खाली लिहिलं. पत्र अजून परत आलेलं नाही. परवा त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, आमच्या ड्रमरला टक्केवारी पटत नाहीये. रविवारी बसतोय.”